रतनपूरच्या टेकड्या आणि ब्राह्मणपारा

रायपूरच्या जुन्या शहरात वस्तीला 'पारा' म्हणतात. बूढापारा, कंकालीपारा, बैजनाथपारा, तात्यापारा आणि ब्राह्मणपारा. पुण्याला जी पेठ, तोच इथला पारा. यांपैकी तात्यापारा हे नाव कानी पडले, की बाहेरून आलेला मराठी माणूस क्षणभर थबकतो. ब्राह्मणपाऱ्यात शिरला तर त्याचा अचंबा आणखी वाढतो. एखाद्या जुन्या घराच्या परछीत, म्हणजे पडवीत, दोन वृद्ध मराठी बोलत बसलेले असतात. पण त्यांचे मराठी ना पुण्याचे, ना अगदी नागपूरचे. मधूनच एखादे छत्तीसगडी क्रियापद येते आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानीही येत नाही. नागपूरपासून तीनशे किलोमीटरांच्या आसपास, भाताच्या या मुलखात हे लोक आले कसे आणि राहिले का, असा प्रश्न साहजिकच मनात उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर रायपुरात मिळत नाही. त्यासाठी उत्तरेकडे, बिलासपूरच्याही पंचवीस किलोमीटर पलीकडे, टेकड्यांच्या कुशीत दडलेल्या रतनपूरला जावे लागते. आज रतनपूर म्हणजे महामाया देवीचे क्षेत्र. नवरात्रात तेथे माणसांचा पूर लोटतो आणि एरवी गाव तळ्यांच्या काठी पेंगत असते. परंतु हे गाव सुमारे सातशे वर्षे राजधानी होते, हे विसरून चालणार नाही. एका राजवंशाला इतका दीर्घ काळ एकाच ठिकाणी सांभाळणारी नगरे आपल्या देशात थोडीच आहेत.

आधी या भूमीचे रूप ध्यानात घेतले पाहिजे. कारण येथला इतिहास ढगांच्या आणि तळ्यांच्या हिशेबाने चालला आहे. छत्तीसगडचे मैदान म्हणजे एक पसरट परात. वायव्येला मैकलची रांग, उत्तरेला रतनपूर आणि लाफा यांचे डोंगर, दक्षिणेला बस्तरचे घाट. आणि मधून महानदी, शिवनाथ, खारून, अर्पा, हसदेव यांचे पाणी वाहते. समुद्रसपाटीपासून रायपूरची उंची जेमतेम तीनशे मीटर. वैशाखाच्या अखेरीस पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रस्ते ओस पडतात, आणि इथला शेतकरी रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी 'बासी' म्हणून मीठ-कांद्याबरोबर खातो. परक्याला हे दारिद्र्याचे अन्न वाटते. एक उन्हाळा येथे काढला, की तेच शहाणपणाचे अन्न आहे हे पटते. मग मृगानंतर पाऊस येतो आणि वर्षाचे सुमारे १२५ सेंटिमीटर पाणी बहुतेक चार महिन्यांत ओतून निघून जातो.

पण भाताचे भवितव्य ठरते ते आश्विनात. आपण ज्याला हस्त म्हणतो आणि इथला शेतकरी ज्याला हथिया म्हणतो, त्या नक्षत्राचा पाऊस चुकला तर ओंबीत दाणा भरत नाही. जमीनही सगळी सारखी नाही. मुरमाड, लालसर 'भाठा', पिवळी 'मटासी', मिश्र 'डोरसा' आणि काळी 'कन्हार' अशी तिची चार नावे प्रत्येक गावकऱ्याच्या जिभेवर असतात. भाठ्यावर पाणी ठरत नाही आणि मटासी पाण्यावाचून तडकते. म्हणून राजा कोणीही असो, त्याने तळे खणले तरच प्रजा टिकणार. रतनपूरभोवती एवढी तळी का आणि रायपुरात बूढातालाब, कंकाली, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे पाऱ्यांच्या नावांइतकीच सहज तोंडी का येतात, याचे कारण हे आहे. येथे तळ्याला 'तरिया' म्हणतात. तरियाविना गाव ही कल्पनाच येथल्या माणसाला करता येत नाही.

या परातीच्या उत्तर काठावर, आजच्या कोरबा जिल्ह्यातील तुमान येथे, म्हणजे प्राचीन तुम्माण येथे, त्रिपुरीच्या कलचुरी घराण्याची एक शाखा सुमारे इ. स. १००० च्या सुमारास स्थिरावली. कलिंगराज हा तिचा मूळ पुरुष. त्याचा नातू पहिला रत्नदेव याने अकराव्या शतकाच्या मध्यास डोंगर उतरून रत्नपूर वसविले. त्याने तुम्माण का सोडले, हे कोणत्याही लेखात सांगितलेले नाही. माझे अनुमान असे, की पाठीशी डोंगर आणि पुढ्यात भाताचे मैदान अशी जागा त्याला हवी होती. संकट आले तर मागे सरकता यावे आणि एरवी सुगीवर नजर ठेवता यावी. त्याचा नातू पहिला जाजल्लदेव याचा इ. स. १११४ चा शिलालेख रत्नपूरच्या स्थापनेचे वर्णन करतो. या जाजल्लदेवानेच जाजल्लपूर, आजचे जांजगीर, वसविले आणि सोन्याची नाणी पाडली. पुढे दुसऱ्या रत्नदेवाने कलिंगाच्या अनंतवर्मा चोडगंगासारख्या बलाढ्य राजाला मागे हटविले.

हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक झाला तो बव्हंशी एका मराठी विद्वानाच्या तपश्चर्येमुळे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा महाग्रंथ संपादून १९५५ साली प्रसिद्ध केला. तलवारीने रतनपूर घेणाऱ्या मराठ्यांची नावे शाळेतल्या मुलांना पाठ असतात. लेखणीने ते परत देणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

या लेखांपैकी एक मला विशेष जवळचा वाटतो. तो खरौद येथील लखनेश्वराच्या मंदिरात आहे. चेदि संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ११८१ च्या सुमाराचा. त्या वेळी तिसरा रत्नदेव गादीवर होता. राज्यात बजबजपुरी माजली होती, खजिना रिता झाला होता, हत्तींचे दळ दुबळे झाले होते आणि लोक दुष्काळाने गांजले होते. तेव्हा राजाने गंगाधर नावाच्या ब्राह्मणाला प्रधान केले आणि त्याने घडी पुन्हा बसविली, असे हा लेख सांगतो. राजांच्या प्रशस्तीत संकटाची अशी उघड कबुली क्वचितच आढळते. ज्याचे आयुष्य सरकारी कागदांत गेले आहे, त्याला ही कबुली विजयाच्या दहा वर्णनांहून मोलाची वाटते. रिकामा खजिना दगडावर कोरून ठेवण्याचे धैर्य आमच्या कचेऱ्यांतही सहसा दिसत नाही.

चौदाव्या शतकाच्या सुमारास या घराण्याच्या दोन पात्या झाल्या. शिवनाथ नदी ही सीमा. तिच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरकडे आणि दक्षिणेचे अठरा रायपूरकडे, अशी छत्तीस गडांची परंपरागत वाटणी सांगतात, आणि प्रांताचे नाव त्यावरूनच पडले, असे बहुतेक जाणकार मानतात. धाकट्या पातीच्या ब्रह्मदेव राजाचा इ. स. १४०२ चा लेख रायपूरचा आहे. त्यात हाटकेश्वराच्या मंदिराचा उल्लेख येतो. खारूनच्या काठी महादेवघाटावर आजही हाटकेश्वराची यात्रा भरते. याच राजाच्या काळातला इ. स. १४१५ चा दुसरा लेख खल्लारीचा. तेथले नारायणाचे मंदिर बांधणारा कोण होता? देवपाल नावाचा मोची. चर्मकाराने देऊळ बांधावे आणि त्याच्या कुळाचा उल्लेख संस्कृत लेखात व्हावा, ही गोष्ट पंधराव्या शतकातली आहे. ब्राह्मणपाऱ्याचा इतिहास सांगताना या देवपालाला विसरले, तर तो इतिहास एकांगी होईल.

आता मराठ्यांकडे येऊ. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेच्या मोहिमेवर निघाले. वाटेत रतनपूर लागले. गादीवर रघुनाथसिंह होता. साठीच्या घरातला हा राजा एकुलत्या एक मुलाच्या मृत्यूने खचला होता आणि वर्षभर त्याने राज्यकारभारात लक्ष घातले नव्हते. त्याने लढण्याची तयारीच केली नाही. भास्कररामांनी तोफा डागल्या, वाड्याचा काही भाग कोसळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून पांढरे निशाण दाखविले आणि दरवाजे उघडले गेले. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. ही हकीकत १८६८ साली बिलासपूरच्या जमीन-महसुलाचा अहवाल लिहिणाऱ्या चिझमने नोंदविली आहे. सातशे वर्षांचे राज्य असे एका दिवसात, लढाईवाचून गेले.

ही कथा ऐकताना मराठी श्रोत्याची छाती फुगावी, असे तीत काही नाही. शोकात बुडालेल्या म्हाताऱ्याच्या घरावर तोफा डागणे हा काही पराक्रम नव्हे. तिथून पुढे गेलेल्या याच फौजांनी बंगालात काय केले, ते तिकडच्या अंगाईगीतांत 'बर्गी' या शब्दाने आजतागायत जिवंत आहे. भास्करराम १७४४ साली बंगालातच अलिवर्दीखानाकडून दग्याने मारले गेले. तथापि छत्तीसगडात एक गोष्ट निराळी घडली. बंगालात मराठे आले आणि चौथ घेऊन परतले. येथे ते राहिले. जो राहतो, त्याला आपण मोडलेल्या घराच्या शेजारीच चूल मांडावी लागते.

प्रथम हैहयांच्याच नावाने कारभार चालला. रघुनाथसिंहानंतर भोसल्यांनी मोहनसिंहाला बसविले. रायपूरच्या पातीतील अमरसिंहाकडे काही परगणे सात हजारांच्या खंडणीवर राहिले. त्याच्या मागे त्याच्या मुलाच्या, शिवराजसिंहाच्या, हातून तेही गेले आणि निर्वाहापुरती गावे तेवढी उरली. १७५८ साली रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि १७८७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, तेथेच राहिले. नागपूरची गादी भावांकडे गेली होती. बिंबाजींच्या वाट्याला हा डोंगराआडचा मुलूख आला. राजपुत्राला ही एक प्रकारची हद्दपारीच वाटली असेल. पण त्यांनी तिचे घर केले.

रतनपूरच्या रामटेकरीवर गेल्याशिवाय बिंबाजी कळत नाहीत. नागपूरकरांना रामटेक जसे, तसेच येथेही टेकडीवर राममंदिर असावे, ही त्यांची हौस. पायऱ्या चढून वर गेले, की खाली तळ्यांची चकाकती नक्षी, पलीकडे गजकिल्ल्याचे भग्न दरवाजे आणि सभोवार टेकड्यांचे कडे दिसते. मी प्रथम गेलो तो भाद्रपदात. खालून भाताच्या खाचरांचा हिरवा रंग इतका गडद दिसत होता, की काळाच वाटावा. देवळात बिंबाजींची मूर्ती आहे. परक्या राजाची मूर्ती इतकी वर्षे कोणी हलविली नाही, याला काही अर्थ असला पाहिजे. रायपूरच्या दूधाधारी मठाच्या जीर्णोद्धारालाही त्यांनी हात लावला. त्यांच्या दरबारात मराठी आली, मोडी लिपी आली, आणि विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची आपली रीत या प्रांतात रुजली ती त्यांच्यापासून, असे येथे मानतात. त्यांच्या मृत्यूनंतर उमाबाई सती गेल्या. आनंदीबाईंचा शब्द मात्र पुढेही रतनपुरात चालत राहिला.

येथवर सारे बरे. पण बिंबाजींनंतर व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरात बसूनच हा प्रांत चालवायचे ठरविले आणि सुभेदारी सुरू झाली. महिपतराव दिनकर, मग विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद असे सुभे आले. विठ्ठल दिनकरांनी गडांची जुनी रचना मोडून परगण्यांची घातली आणि कमाविसदार नेमले. कागदावर ती नीटनेटकी होती, हे मान्य केले पाहिजे. पण सुभेदाराचा मुक्काम अल्प आणि नागपूरची मागणी मोठी. ठराविक रक्कम धन्याला पोचविली, की वरचे आपले, असा तो व्यवहार. गावचा गौंटिया पिळला जाई आणि तो रयतेला पिळी. राज्य करणारा येथेच राहतो तेव्हा त्याला तळ्याचे पाणी आटलेले दिसते; दूर बसलेल्याला फक्त वसुलीची यादी दिसते. सत्ता तीच, माणसेही त्याच जातकुळीची, पण बिंबाजींचा अंमल आणि सुभ्यांचा अंमल यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले.

१७९५ साली कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी या वाटेने गेला. रतनपुरात त्याला हजारेक झोपड्या दिसल्या आणि त्यांतल्याही कित्येक ओसाड होत्या. रायपुरात मात्र तीन हजारांच्या आसपास घरे होती. बिंबाजींना जाऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. १८१८ साली इंग्रजांच्या देखरेखीचा काळ सुरू झाला तेव्हा अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. त्याच्या १८२० च्या अहवालात सुभ्यांच्या जाचाचे वर्णन आहे. इंग्रज हा काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे, हे खरे. परंतु ओसाड घरे आपण नाकारू शकत नाही. १८३० साली कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

येथे एक प्रसंग टाळता येणार नाही. १८५६ साली पाऊस रुसला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या सावकाराचे धान्याचे कोठार उघडून ते उपाशी लोकांना वाटले. त्याबद्दल त्यांना पकडले. ते निसटले, पुन्हा लढले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. खरौदच्या शिलालेखातला दुष्काळ आणि हा दुष्काळ यांत पावणेसातशे वर्षांचे अंतर आहे. त्या वेळी राजाने गंगाधराला प्रधान केले होते.

ठाणे रायपूरला आले तसे रतनपूरचे कारकून, पुजारी, वैद्य, दप्तरदारही आले. भोसल्यांचा अंमल गेल्यावर त्यांतले पुष्कळ नागपूरकडे परतू शकले असते. बरेच राहिले. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा या भागांत त्यांनी घरे केली. शेजारी छत्तीसगडी ब्राह्मण, समोर बंगाली वकील, पलीकडे मारवाडी पेढीवाले. बूढापाऱ्यात १८७७ साली कलकत्त्याचे विश्वनाथ दत्त सहकुटुंब येऊन राहिले होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र पुढे विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाला, आणि बूढातालाबाला आज त्याचेच नाव आहे.

या मिसळणीतूनच माधवराव सप्रे यांच्यासारखा माणूस घडला. घरची भाषा मराठी, जन्म १८७१ सालचा दमोह जिल्ह्यातला, शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्या कामात त्यांच्या पाठीशी होते. याच वामनरावांनी पुढे येथे सहकारी चळवळीचा पाया घातला आणि एका वस्तीला त्यांचे नाव मिळाले. सप्र्यांची १९०१ सालची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी गोष्ट हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. जमीनदाराने विधवेची झोपडी हिरावून घेतल्याची ती कथा आहे. सुभ्यांच्या कारभाराने पोळलेल्या प्रांतात, मराठी घरातल्या लेखकाने, प्रांताच्या भाषेत लिहावी अशीच ती आहे. टिळकांच्या लिखाणाने भारून त्यांनी नागपुरात 'हिन्दी केसरी' चालविला, १९०८ साली तुरुंग भोगला. माफीपत्र देऊन सुटल्याची खंत त्यांना जाळत राहिली आणि ते समर्थांच्या ग्रंथाकडे वळले. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले ते त्यांनीच. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचा देह पडला.

आता घराघरांतून काय उरले आहे? गणपतीची आरती मराठीत होते. पोळ्याला, ज्याला इथले लोक 'पोरा' म्हणतात, मातीचे नांदिया बैल पुजले जातात आणि पुरणपोळीच्या शेजारी ठेठरी-खुरमी येऊन बसते. लुगड्याला शेजारीण 'लुगरा' म्हणते. यांतले काय कोणी कोणाकडून घेतले, हे ठरविणे भाषाशास्त्रज्ञांनाही जड जाईल. मोडी वाचणारे मात्र राहिले नाहीत. जुन्या पेट्यांतले कागद पुढची पिढी उघडते आणि तसेच मिटून ठेवते. २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, आणि शहर खारूनच्या बाजूने व पूर्वेला नव्या राजधानीकडे वाढत गेले. पाऱ्यांतली घरे अरुंद वाटू लागली. पुष्कळ कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. मुले हिंदीत शिकतात, आजी मराठीत रागावते आणि घरकामाला येणाऱ्या बाईशी सारेच छत्तीसगडीत बोलतात.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी पाऱ्यातून एकदा चालत होतो. एका दारात लहान मुलगा पाने घेऊन उभा होता. त्याने मला पान दिले, पाया पडला आणि छत्तीसगडी धाटणीच्या मराठीत म्हणाला, "सोनं घ्या, कका." मी विचारले, "हे कोणी शिकवलं रे?" तो म्हणाला, "इथं सगळेच देतात." समोरच्या घरातला एक छत्तीसगडी म्हातारा तेवढ्यात बाहेर आला. मुलगा मला सोडून त्याच्याकडे धावला. म्हाताऱ्याने ते पान कपाळाला लावले आणि आपल्या हातातले एक पान त्याला दिले.